शेजारच्या १५ वर्षांच्या मुलाच्या किडन्या निकामी झाल्यात, डायलिसिस चालू आहे. त्याच्या घरच्यांना आम्ही कशी मदत करावी?

सगळ्यात आधी, भेटायला जाताना शहाळं नेऊ नका. आजाऱ्याकडे शहाळं, केळी, मोसंबी न्यायची आपली रीत आहे, पण किडन्या काम करत नसल्या की त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. पाणीही त्याला बहुधा मोजूनच मिळत असेल. त्याच्यासाठी काही न्यायचंच असेल तर आधी त्याच्या आईला विचारा.

डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. जाणं-येणं धरून अख्खा दिवस जातो, आईवडिलांपैकी एकाचा कामाचा खाडा होतो. म्हणून "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "मंगळवारी मी गाडीवरून सोडतो, धाकटीला आमच्याकडे जेवायला पाठवा" असं ठरवूनच सांगा.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा, कागदपत्रांच्या रांगेत तुम्ही उभे राहा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, तेही विचारा.

"किडनी कोण देणार?" हे मात्र विचारू नका. त्या घरात तो प्रश्न रोज रात्री असतोच.

आणि मुलाशी नुसतं आजाराबद्दलच बोलत बसू नका हो! त्याच्या मित्रांना घरी येऊ द्या, वर्गातल्या वह्या पोचवा, कॅरम खेळा. फक्त सर्दी-ताप असलेल्यांनी लांब राहावं आणि फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ज्या हातातल्या रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडलेल्या असतात तो, कुणी ओढू नये.