एवढं पथ्य पाळूनही नव्या हृदयाला हे का?

ते आले ते वही घेऊनच. हृदय प्रत्यारोपणाला चार वर्षं झालेली, आणि वहीत रोजचा बीपी, वजन, गोळ्यांच्या वेळा. एकही रकाना रिकामा नाही. तरी यंदाच्या अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्या जाड होऊ लागल्याचं निघालं. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, माझं कुठं चुकलं तेवढं दाखवा."

शेजारी बसलेल्या पत्नीनं हळूच म्हटलं, "माझ्याच हातून काही राहिलं असेल."

प्रत्यारोपण झालेल्या घरांतून हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि प्रत्येक वेळी त्यामागे अपराधीपणा असतो. निदान सांगताना कुणी पाच मिनिटं जास्त दिली, तर तो बराच टळेल असं मला मनापासून वाटतं.

मी वही मिटली. म्हटलं, नेहमीच्या ब्लॉकेजमध्ये चरबी बहुधा एखाद्या ठिकाणी साचते. इथं धमनीचं आतलं अस्तरच चहूबाजूंनी, लांबवर, अगदी बारीक फांद्यांपर्यंत जाड होत जातं. कारण शरीर त्या धमन्यांना अजून परकंच समजतं. रिजेक्शनचे, म्हणजे शरीरानं नवं हृदय नाकारण्याचे प्रसंग, दात्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज, सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग यांनी धोका वाढतो. दात्याचं वय, त्याचा रक्तदाब, हृदय रक्ताविना राहिलं तो वेळ, हेही त्यात आलं. "यातलं तुम्ही वहीत काय लिहिणार होता?"

ते बराच वेळ बोलले नाहीत.

पाच वर्षांत साधारण तिघांत एकाला आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्यांना हा त्रास दिसतो, हेही सांगितलं. आकडा ऐकून घाबरतील असं वाटलं होतं. उलट त्यांचे खांदे सैल झाले.

हातातलं काहीच नाही असं मात्र नाही. कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब, तंबाखू यांचा वाटा आहेच. त्यातही रिजेक्शन टाळायला घ्याव्या लागणाऱ्या औषधांपैकी स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसनं साखर वाढते, सायक्लोस्पोरिननं रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल. म्हणजे वहीतला वाढलेला आकडा दर वेळी खाण्यातल्या हयगयीचा नसतो. कोलेस्टेरॉल ठीक असलं तरी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी देतात ती याच आजारासाठी. ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

"पण छातीत तर कधी दुखलं नाही," ते म्हणाले. "पुढची अँजिओग्राफी टाळली तर?"

इथं मी ठाम राहिले. प्रत्यारोपणात हृदयाचं दुखणं मेंदूला कळवणाऱ्या नसा तुटतात. काहींच्या पुढं थोड्याफार जुळतात, पण दुखण्यावर विसंबता येत नाही. धमनी अरुंद झाली तरी छाती गप्प राहू शकते. म्हणून तर तपासणी ठरल्या वेळी हवी.

"मग घरी आम्हाला कळायचं कसं?" पत्नीनं विचारलं.

दम लागणं, नेहमीच्या कामानं थकवा, पायांना सूज, चक्कर. यातलं काही नव्यानं सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

त्यांनी वही उघडली, पट्टी मागितली आणि नवा रकाना आखला: 'दम'. पेन पत्नीकडे देत म्हणाले, "हा तू भरायचा. मी लपवीन."