'करंट'ला लॉक का लागत नाही?

प्रश्न योग्य जागी पडलाय तुला. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) 'करंट' म्हणजे या क्षणी या सीपीयूवर चालणाऱ्या टास्कचा (प्रोसेस किंवा थ्रेडचा) पॉइंटर, म्हणजे तुझा स्वतःचाच. तुझा कोड चालू आहे तोवर तो टास्क नाहीसा होत नाही, म्हणून लॉक लागत नाही. एआरएम६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसर) वर तर हा पॉइंटर थेट एका रजिस्टरमध्येच ठेवलेला असतो, म्हणून वाचणं इतकं स्वस्त.

पण पॉइंटर सुरक्षित म्हणजे आतली सगळी फील्ड्स सुरक्षित, असं समजू नकोस. दुसरा थ्रेड त्यात बदल करू शकतो. आणि दुसऱ्याचा टास्क शोधत असशील तर आधी आरसीयू रीड लॉक (वाचत असताना डेटा मोकळा होऊ न देणारं संरक्षण) घे. लॉक सोडल्यावरही पॉइंटर हवा असेल, तर सोडण्याआधीच त्याचा रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत याची मोजणी) वाढव. मी हे एकदा विसरलो आणि दोन रात्री क्रॅशचे लॉग वाचत बसलो.

इंटरप्ट हँडलरमध्येही (हार्डवेअरने हाक दिली की चालणाऱ्या कोडमध्ये) 'करंट' मिळतो, पण तो मध्येच अडवला गेलेला कुठलाही टास्क असतो. त्याच्या भरवशावर काही करू नकोस. हँडलर जो स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत सीपीयू न सोडता वाट पाहायला लावणारा लॉक) घेतो तोच इतरत्र घेताना इंटरप्ट बंद ठेव. स्पिनलॉक हातात असताना झोपायचं (सीपीयू सोडून वाट पाहायचं) नाही, म्हणजे जीएफपी-कर्नलने (गरज पडल्यास झोपू शकणाऱ्या मागणीने) मेमरीही मागायची नाही. टेस्टिंगच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी तपासणी) आजच चालू कर.