वाचकांचे प्रश्न : आठवणी ध्वनिमुद्रित करताना

प्रश्न : अमेरिकेतील रेडिओ पत्रकार स्टड्स टर्केल यांचा उल्लेख एका व्याख्यानात ऐकला. ते कोण होते? किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या वृद्धांच्या आठवणी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करत आहे. मात्र बहुतेक जण दोन वाक्यांत आटोपतात. टर्केल यांच्याकडून काही शिकता येईल का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : टर्केल (१९१२–२००८) कायद्याचे पदवीधर होते, पण त्यांचे खरे शिक्षण शिकागोत आईवडील चालवत असलेल्या लॉजमध्ये, तिथे उतरणाऱ्या कामगारांचे वादविवाद ऐकत झाले. १९५०च्या दशकात डाव्या विचारांमुळे ते काळ्या यादीत गेले आणि दूरचित्रवाणीचे काम हातचे गेले. मात्र १९५२पासून शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर त्यांनी पंचेचाळीस वर्षे मुलाखतींचा कार्यक्रम केला. दुसऱ्या महायुद्धाच्या मौखिक इतिहासासाठी त्यांना १९८५ साली पुलित्झर पारितोषिकही मिळाले, पण आपल्या कामाचे ते त्यांच्या पद्धतीत आहे.

यंत्रे हाताळण्यात टर्केल कच्चे होते आणि ते लपवतही नसत. टेपरेकॉर्डर चालत नाही असे दिसले की समोरची व्यक्ती मदतीला सरसावे आणि तिचे दडपण उतरे. (जाणकाराचा आव आणून जाणाऱ्याच्या पदरी बहुधा भाषणच पडते.) एका गरीब वस्तीतील आईची मुलाखत संपल्यावर मुलांनी तिचा आवाज ऐकण्याचा हट्ट धरला, म्हणून टर्केल यांनी फीत पुन्हा लावली, ती ऐकताना त्या बाईने तोंडावर हात ठेवला आणि आपल्या मनात हे होते हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, असे ती म्हणाली.

आपल्याकडील वृद्धांना ‘त्या पहाटे काय वाटले?’ हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३पासून इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर त्यांना पाठ झाले आहे. त्याऐवजी जुन्या गावातील घर विचारावे : माळवदाचे होते का, भिंत किती रुंद होती, चूल कोणत्या बाजूला, शेजारी कोण. दगडमातीच्या त्या जाड भिंतींनीच घात केला असल्याने घराचे बोलणे आपोआप त्या पहाटेपर्यंत पोहोचते, आणि न पोहोचल्यास ओढून नेऊ नये. आजी थांबल्या तर आपणही थांबावे. पुढचा प्रश्न टाकून ती शांतता बुजवू नये, संपादनात कापूही नये. पंखा बंद करावा, पण अंगणातील शेळीचा किंवा भांड्यांचा आवाज राहू द्यावा, कारण घर ऐकणाऱ्यापर्यंत त्यातूनच पोहोचते. त्यांची बोली प्रमाण मराठीत सांगणारे निवेदन वरून चढवू नये.

प्रसारणाची संमती मुद्रण ऐकवल्यानंतर घ्यावी, आधी नव्हे. घरच्यांचा आक्षेप असल्यास तेवढा भाग वगळावा. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी नाव, जुने गाव आणि तारीख आपल्या आवाजात नोंदवावी आणि त्याच दिवशी दुसरी प्रत मोबाइलबाहेर ठेवावी.