पुढचे टायर लहान केले तर ड्रॅग रेसिंगमधला रिअ‍ॅक्शन टाइम सुधारतो का?

आपला प्रश्न असा आहे की, मागच्या चाकांवर चालणारी आपली गाडी ब्रॅकेट रेसिंगमध्ये (प्रत्येकाने आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करायची आणि मंद गाडीने तेवढी आधी सुटायचे, अशी शर्यत) दर वेळी ०.०६० ते ०.०८० सेकंदांच्या दरम्यान रिअ‍ॅक्शन टाइम देते. तेव्हा पुढचे २८ इंची टायर काढून २४ इंची बसवले तर फरक पडेल, की दोष सर्वस्वी चालकाचाच मानावा? फरक नक्की पडेल. मात्र तो किती आणि कशामुळे पडतो हे समजून घेतल्याशिवाय टायरवर पैसे घालू नयेत, असे मी आग्रहाने सुचवेन. मी इंडियाना राज्यातल्या एका स्थानिक ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) फूटब्रेक वर्गात, म्हणजे गाडी पायाच्या ब्रेकने रोखून सोडायच्या वर्गात, गाडी चालवतो आणि याच प्रश्नामागे माझा एक अख्खा हंगाम गेला आहे.

मुळात फलकावर दिसणारा आकडा चालकाचा पाय किती चटकन हलला हे सांगत नाही. हिरवा दिवा लागल्यापासून पुढचे चाक स्टेजच्या किरणातून (सुरुवातीच्या रेषेवर आडव्या सोडलेल्या प्रकाशकिरणातून) पूर्णपणे बाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो, तो रिअ‍ॅक्शन टाइम. गाडी स्टेज करताना, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर उभी करताना, टायरची पुढची कड किरण अडवते आणि गाडी सुटल्यावर मागची कड त्या किरणापलीकडे जाईपर्यंत धावेची वेळ मोजणारे घड्याळ स्वस्थ असते. या दरम्यान गाडी जे अंतर कापते त्याला रोलआउट म्हणतात. किरण जमिनीला चिकटून जात नाही, थोडा वरून जातो. म्हणून रोलआउट म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या भाषेत त्या उंचीवरची टायरच्या वर्तुळाची जीवा. किरण दीड इंचावर आहे असे धरले, तर २८ इंची टायरची जीवा सुमारे १२.६ इंच, २६ इंचीची १२.१ आणि २४ इंचीची ११.६ इंच येते. म्हणजे व्यास तब्बल चार इंचांनी कमी केल्यावर रोलआउट जेमतेम एका इंचाने घटते. गाडी सुरुवातीला गुरुत्वीय त्वरणाइतक्या, म्हणजे एक जी त्वरणाने सुटते असे मानल्यास या एका इंचाची किंमत साधारण ०.०१० सेकंद होते. गाडी मंद असेल तर ती वाढते. अर्ध्या जीने सुटणाऱ्या गाडीत तोच एक इंच ०.०१४ सेकंदांच्या आसपास जातो. येथे रिमचा आकार पाहू नये, टायरचा एकूण बाहेरचा व्यास पाहावा. १५ इंची रिमवरचा उंच टायर आणि १७ इंची रिमवरचा बुटका टायर यांचा बाहेरचा व्यास सारखा असेल, तर भूमितीच्या दृष्टीने दोन्ही एकच.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तिच्याकडे वळतो. वरचे गणित टायर पूर्ण गोल आहे असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात गाडीच्या वजनाने तो खाली बसतो, आणि तो जितका बसेल तितका किरण त्याच्या अधिक रुंद भागातून जातो. २६ इंची टायरचा अ‍ॅक्सल केवळ पाव इंच खाली आला, तर जीवा १२.१ वरून सुमारे १३ इंचांवर जाते. व्यास चार इंचांनी बदलून जेवढा फरक पडतो, जवळजवळ तेवढाच फरक हवेच्या दाबामुळे होणाऱ्या या पाव इंचाने पडतो! माझ्या गाडीत पुढच्या टायरमधली हवा २८ पीएसआयवरून ४२ वर नेल्यानंतर अ‍ॅक्सलची उंची जवळपास पाव इंचाने वाढली आणि वीसेक लाँचची सरासरी ०.००८ च्या आसपास खाली आली. म्हणून माझा सल्ला असा आहे की, टायर बदलण्यापूर्वी हवा बदलून पाहावी, त्यातही टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये, आणि दाब नेहमी शर्यतीआधी एकाच वेळी, टायर थंड असताना मोजावा. दुपारच्या उन्हात तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या गाडीतला दाब आणि संध्याकाळचा दाब एक नसतो.

हे करताना टायरमुळे गाडी वेगवान होत नाही, ही गोष्ट मनात पक्की असू द्यावी. रोलआउट घटले की घड्याळ लवकर सुरू होते, म्हणून रिअ‍ॅक्शन टाइम घटतो. पण गाडी तेव्हा कमी वेगात असते, म्हणून ईटी (सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंतची धावेची वेळ) जवळपास तितकाच वाढतो. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, इतकेच. दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटतात त्या हेड्स-अप शर्यतीत यातून जवळपास काहीच हाती लागत नाही. ब्रॅकेट रेसिंगमध्ये मात्र लागते, कारण तिथे वाढलेल्या ईटीनुसार आपण डायल-इनही (आधी जाहीर केलेली अपेक्षित ईटी) वाढवून घेऊ शकतो आणि रिअ‍ॅक्शनमधला लाभ आपल्याकडेच राहतो. त्यासाठी डायल-इन बदलायला विसरू नये.

फूटब्रेक वर्गात आपण बहुधा शेवटचा पिवळा दिवा पेटताच सुटत असाल. पूर्ण ट्रीवर (पिवळे दिवे एकामागून एक लागणाऱ्या दिव्यांच्या खांबावर) तो पिवळा आणि हिरवा यांत ०.५०० सेकंदांचे अंतर असते. ०.०७० येते, याचा अर्थ चालक आणि गाडी मिळून ०.५७० सेकंद घेतात. टायर आणि हवा यांतून दोन शतांश भरून निघतील. उरलेले इंजिनचा आरपीएम, ट्रान्समिशन, टॉर्क कन्व्हर्टर आणि ब्रेक किती लवकर सुटतात यांतून शोधावे लागतील. पुढचे ब्रेक पॅड डिस्कला घासत राहिले तर कोणताही टायर कामी येत नाही, म्हणून चाक उचलून हाताने फिरवून पाहावे.

चाकांच्या बांधणीबद्दलही दोन गोष्टी सांगतो. किरण आडवा असल्यामुळे डावे आणि उजवे, दोन्ही चाके तोच किरण अडवतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा पुढे असेल, तर पुढे असलेल्या चाकाच्या पुढच्या कडेपासून मागे राहिलेल्या चाकाच्या मागच्या कडेपर्यंत रोलआउट मोजले जाते, म्हणजे ते वाढते. स्टेज करताना स्टिअरिंग किंचित वळलेले असले, तरी दर वेळी आकडा वेगळा येऊ शकतो. दुसरी गोष्ट, लाँच होताना पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली, तर टायर किरणाच्या वर जातो आणि घड्याळ अपेक्षेपेक्षा आधी सुरू होते. पुढच्या सस्पेन्शनची चाल कमी केल्यावर अनेकांना अचानक लाल दिवा (हिरव्याआधीच सुटल्याची खूण) मिळतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. उलट, फार मोठा आणि मऊ टायर लावून रोलआउट हवे तितके वाढवताही येत नाही, कारण स्टेजच्या किरणापुढे १३ इंचांहून थोड्या अधिक अंतरावर गार्ड किरण असतो आणि टायरने तो अडवला की घड्याळ सुरू होते.

भारतात हा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे पुढचा टायर बदलला की रोलआउटबरोबर गिअरिंग आणि पकडही बदलते. लहान व्यासाने जोर वाढतो, पण चाक जागीच फिरू लागले तर सगळे गणित कोसळते. अशा गाडीत जास्त हवेचा उपाय मी सुचवणार नाही.

शेवटी, टायर मागवण्याआधी सरावाच्या दिवशी एक मोजमाप करावे. गाडी अगदी हळू ढकलत न्यावी, स्टेजचा बल्ब पेटताच टायरशेजारी जमिनीवर खडूने खूण करावी, बल्ब विझताच दुसरी करावी आणि दोन्हींमधले अंतर टेपने मोजावे. हे तीन-चार वेळा करावे. मग स्वतः स्टेज करताना बल्ब पेटल्यावर गाडी किती पुढे सरकते हेही मित्राकडून पाहून घ्यावे. कारण दर वेळी त्यातच एका इंचाचा फरक पडत असेल, तर आपण २८ वरून २४ वर जाऊन जे मिळवू पाहता, ते तिथेच सांडते आहे.