मुलगा बारावी सायन्स, नॉनवोव्हनमध्ये खरंच काही आहे का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलाला सीईटीला मध्यम मार्क, कॉम्प्युटर मिळणं अवघड, त्याचे काका नॉनवोव्हन म्हणजे न विणलेल्या कापडाच्या पिशव्या बनवतात म्हणून त्याला टेक्स्टाईल घ्यायचंय, आणि घरचे म्हणतात पिशव्यांवर तर बंदी येते, यात कसलं करिअर.

बंदीची भीती खोटी नाही. 2018च्या प्लास्टिकबंदीत या पिशव्याही होत्याच, कारण दिसायला कापड असलं तरी ते पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिकच, वितळवून तंतू काढायचे, पसरायचे आणि गरम रोलरखाली दाबायचे. पण पिशवी हा या धंद्याचा एक कोपरा झाला हो. एन-95 मास्कचा मधला थर, डायपर, रस्त्याखाली घालतात ते बरंचसं जिओटेक्स्टाईल कापड, या सगळ्यात नॉनवोव्हनच.

आणि मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो वेटलेड प्रकार, म्हणजे तंतू पाण्यात मिसळून जाळीवर पसरायचे, कारण तो जवळजवळ कागदच. चहाच्या टीबॅगचा कागद बघा, त्यात अबाका म्हणजे केळीच्याच जातीतल्या झाडाचे लांब तंतू असतात, लांब म्हणून पाण्यात लगेच एकमेकांत गुंततात, मग पाणी इतकं वाढवावं लागतं की शंभर लिटरला जेमतेम 10-20 ग्रॅम फायबर, साध्या कागदाला तेवढ्याच पाण्यात अर्धा-एक किलो चालतं. एवढं पाणी जाळीतून झटकन खाली काढायला जाळी तिरकी लावतात. शिवाय उकळत्या चहात तो फाटता कामा नये, म्हणून पाण्यात टिकणारं रेझिन घालतात, आणि ज्याला उष्णतेने चिकटवायचं त्यात थोडे प्लास्टिकचे तंतूही. बॅटरीतल्या प्लेटी वेगळ्या ठेवणारे सेपरेटर, गाडीचे फिल्टर यातही हेच डोकं लागतं.

म्हणून मुलाला एवढंच विचारा, केमिस्ट्री आणि मशीन दोन्ही आवडतं का? आवडत असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात टेक्स्टाईल इंजिनिअरिंग बघा, तिथे नॉनवोव्हनचं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. मुंबईत व्हीजेटीआय आणि आयसीटी आहेत पण कटऑफ बघून घ्या. कागदाकडेच ओढा राहिला तर आयआयटी रुरकीच्या सहारनपूर कॅम्पसला त्याचं वेगळं डिपार्टमेंट आहे, तो विचार बीटेकनंतर करू.

नोकरी बहुतेक प्लांटवर असते, शिफ्ट असते, हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा. आणि ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी काकांना रोल पुरवणाऱ्या फॅक्टरीत त्याला एक दिवस नेऊन आणा, काय वाटलं ते त्यालाच लिहू दे मला.