स्वच्छ प्लाक, धूसर प्लाक

प्रश्न : बाई, मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीच्या परसातल्या खतखड्ड्यातली माती घेऊन मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जिवाणूवर फेज (जिवाणूंमध्ये वाढणारा विषाणू) शोधला. काही प्लाक (फेजने जिवाणू मारल्यावर प्लेटवर पडणारे ठिपके) काचेसारखे स्वच्छ आलेत, काही धूसर. प्लेट बिघडली का? स्वच्छ प्लाकवरून थेट डीएनए काढू का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : प्लेट फेकू नकोस. खतखड्डा निवडलास याचा मला फार आनंद झाला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली ती आपल्याच गावात. जिथे ओलं काही कुजतं, तिथे जिवाणू भरपूर आणि त्यांच्या मागावर फेजही.

डीएनए मात्र इतक्यात नको. पहिल्या प्लेटवर बहुधा वेगवेगळ्या फेजची सरमिसळ असते. एम.एस्सी.ला असताना मी दोनदा शुद्धीकरण करून थांबले होते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकाच चौकटीत दोन वेगळ्या लांबीच्या शेपट्यांचे फेज दिसले आणि दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हा एकच सुटा प्लाक निर्जंतुक टिपने उचल, बफरमध्ये सोड, दहा-दहा पट पातळ करत पुन्हा प्लेट कर. स्वच्छ आणि धूसर, दोन्ही वेगवेगळे चालव. किमान तीन फेऱ्या, आणि शेवटी सगळे प्लाक एकसारखे दिसले पाहिजेत. मगच टायटर (दर मिलिलिटरमधली फेजची संख्या) वाढव, मग डीएनए.

आता धूसर प्लाकचं. त्यात काही जिवाणू जगतात, कारण फेजचा डीएनए त्यांच्या जीनोममध्ये शिरून गप्प बसतो आणि तसल्याच दुसऱ्या फेजला आत शिरला तरी वाढू देत नाही. प्लाकच्या मधले जिवाणू वाढवून त्यांच्यावर तोच फेज टाकून बघ. वाचले, तर फेज असा गप्प बसणारा असण्याची शक्यता मोठी. कधी कधी स्वच्छ प्लाक हा त्या धूसर फेजच्याच म्यूटंटचा (जीन बदललेल्या रूपाचा) असतो, ते जीनोम वाचल्यावर कळेल.

धूसर फेजला कमी लेखू नकोस. २०१९ मध्ये लंडनच्या रुग्णालयात एका पंधरा वर्षांच्या मुलीवर तीन फेजचं मिश्रण वापरल्याचं प्रसिद्ध झालं. तिला मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जिवाणूचा संसर्ग होता, औषधांना दाद न देणारा. त्यातला ‘मडी’ हा फेज दक्षिण आफ्रिकेत सडक्या वांग्याच्या खालच्या बाजूला सापडलेला. उरलेले दोन मुळात गप्प बसणारे होते. त्यांचं गप्प बसवणारं जीन काढून त्यांना मारक केलं होतं. सडकं वांगं आणि आजीचा खड्डा, सांग बरं, फरक किती?

माती किती खोलवरून घेतलीस, तारीख, त्या दिवशीचं ऊन-पाऊस, वहीत आहे ना? नसेल तर आज संध्याकाळीच आजीजवळ बसून लिहून काढ.