शिष्यवृत्तीचं नंतर बघू, आधी त्या पतसंस्थेचं बोला

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलंय. काका ६३, काकू ६१, दोघंही बँकेतून रिटायर, काका राष्ट्रीयकृत तर काकू सहकारी. काकांना महिना ५२ हजार पेन्शन, मुलगा पुण्यात, त्याचं त्याचं नीट चाललंय. दर रविवारी दोघं ओट्यावर बसून गावातल्या पोरांचे महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे, फॉर्म भरून देतात, उत्पन्नाचा दाखला अडला तर तहसीलला जाऊन येतात. आता त्यांना शिवाजी विद्यापीठात २५ लाख ठेवून गरीब मुलींसाठी कायमची शिष्यवृत्ती सुरू करायचीय. विचारलंय एवढंच की ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत, मिळेल का, आणि एजंट सांगतोय ती पॉलिसी घेऊन त्या पैशातून शिष्यवृत्ती दिली तर जास्त बरं का.

काका, काकू, नमस्कार. आधी पॉलिसी, कारण ती दोन ओळीत संपते. वर्षाला ३ लाख भरायचे, १० वर्षं, आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी ४५ लाख "गॅरंटीड". हिशेब केला तर ४ टक्केपण पडत नाहीत, आणि काका तुम्ही तेव्हा ७८ चे असाल. तोवर एका मुलीला एक रुपया नाही. ६३ वर्षांच्या पेन्शनर माणसाला हे विकायला येतात याचा मला खरंच राग येतो. नाही म्हणून सांगा.

८०जी जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळतं, आणि तिथेही बहुतेक देणग्यांना उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे २५ लाखातले जेमतेम लाखभर मोजले जातील. नव्या पद्धतीत तुमचं उत्पन्न १२ लाखाच्या आतच बसतंय, टॅक्सच शून्य, मग वाचवायचं काय?

आता पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. "३२ लाख गावातल्या पतसंस्थेत ११ टक्क्यानं आहेत, बाकी १२ लाख बँकेत, आणि सौ. स्वतः तिथे मानद संचालिका आहे त्यामुळे काळजी नाही." मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली.

बँक बुडाली तर माणशी ५ लाखापर्यंत डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेव विम्याचं, संरक्षण आहे, २०२० पासून. पतसंस्थेला ते नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही, ती सहकार खात्याखाली येते. चांगल्या चालवलेल्या पतसंस्था आहेत, नाही असं नाही, पण ठेवीवर ११ द्यायला कर्ज १४-१५ नं वाटावं लागतं, आणि त्या दरानं कर्ज कोण उचलतं हे तुम्हा दोघांना मी सांगायला नको, आयुष्यभर तेच बघितलंय तुम्ही.

आणि काकू, मानद म्हणजे मानधन नाही एवढंच. जबाबदारी पूर्ण आहे. उद्या संस्थेचं नुकसान झालं आणि चौकशी लागली तर सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली कारभारात भाग घेतलेल्यांकडून ते वसूल होऊ शकतं, संचालक हयात नसेल तर वारसांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतं. म्हणजे ३२ लाख तर अडकलेच, वर राहतं घरही पणाला. आणि गावातल्या कितीतरी बायकांनी "मॅडम बोर्डावर आहेत" म्हणून तिथे पैसे ठेवले असतील, ते वेगळंच.

म्हणून आपली ठेव गुपचूप काढून घेऊ नका, ते बरोबर होणार नाही. आधी येत्या मीटिंगला लेखी मागा: शेवटच्या ऑडिटमध्ये संस्थेला मिळालेला वर्ग, थकबाकी किती, मोठी दहा कर्जं कुणाची आणि कशाच्या तारणावर. बॅलन्सशीट तुम्हाला वाचता येतं, बोर्डावरच्या बाकीच्यांना येत असेलच असं नाही. उत्तर टाळलं तर विरोध मीटिंगच्या प्रोसिडिंगमध्ये नोंदवून राजीनामा द्या, फक्त तोंडी नको. उत्तरं नीट आली तरी तुमची ठेव मुदत संपेल तशी काढत जा, रिन्यू करू नका, आणि काढतोय हे बोर्डात सांगूनच काढा.

त्यातले ३० लाख काकांच्या नावानं सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका, माणशी मर्यादा तेवढीच आहे. सध्या ८.२ टक्के, म्हणजे वर्षाला जवळपास अडीच लाख, दर तिमाहीला साधारण ६१ हजार.

शिष्यवृत्तीचं आता. तुम्ही २५ लाखांवर ११ टक्के धरून वर्षाला ११ मुलींना २५-२५ हजार असा हिशेब केलाय. अशा ठेवी साधारणपणे बँकेच्या एफडीत जातात, तिथे साडेसहा धरा, मुली उरल्या सहा. दहा वर्षांनी त्याच २५ हजारात मेसचं अर्ध वर्षही निघणं अवघड. आणि ४४ लाखातले २५ या वयात कायमचे हातातून सोडायचे, पुढे दवाखान्याचं काय?

त्यापेक्षा मुद्दल तुमच्याकडेच राहू द्या आणि व्याजातले दोन लाख दरवर्षी द्या. आठ मुली होतात, या वर्षीपासून. फीला देऊ नका, २०२४ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींची व्यावसायिक कोर्सची फी सरकार भरतं. मुली अडतात त्या खोलीचं भाडं, मेस आणि एसटीच्या पासाला, आणि तुमच्या ओट्यावर येणाऱ्या मुलींमधून कुणाला खरी गरज आहे हे तुम्हाला कुठल्याही कमिटीपेक्षा जास्त कळतं. विद्यापीठाला द्यायचेच असतील तर मृत्युपत्रात लिहा, मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

पत्रात तुम्ही कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांचं लिहिलंय, वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांनी दागिने मोडले ते. मोडले ते त्यांच्या स्वतःच्या अंगावरचे होते काकू. तुमचे ३२ लाख आज तुमच्या हातात नाहीत, ते आधी हातात येऊ द्या. पतसंस्थेचा शेवटचा ऑडिट रिपोर्ट मिळाला की मला पाठवा, मीटिंगच्या आधी आपण फोनवर बोलू.